थोरल्याचं आख्यान

ग्वाल्हेरच्या हरिशंकरपुरममधल्या एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर सौरव लाल आणि त्याची बायको श्रुती भाड्यानं राहत. सौरव मूळचा झाशीचा, इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. दर शनिवारी संध्याकाळी त्याच्या बैठकीच्या खोलीत सतरंजी पडायची आणि शहरात शिकणारी दहाबारा ख्रिस्ती मुलंमुली तिथं जमायची. बायबलमधला एखादा उतारा वाचायचा, त्यावर मनसोक्त भांडायचं, गाणी म्हणायची आणि शेवटी समोसे खायचे. या बैठकीला सगळे नुसतं 'संगत' म्हणत.

तन्वी साळवे संगतीत पहिल्या दिवसापासूनची. सतरंजी झटकणं तिचं, गाणी निवडणं तिचं, समोसे कमी पडले तर जिना उतरून पळणंही तिचंच. कुणी नवं माणूस आलं की सौरवभैया सांगायचा, "और यह तन्वी, हमारी मराठी।" एवढं ऐकण्यासाठी तन्वी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हजीऱ्याहून टेम्पो बदलत इतक्या लांब यायची, असं म्हटलं तरी चालेल. कारण 'आमची' आणि 'मराठी' हे दोन शब्द तिला एका दमात दुसरं कुणीच म्हणत नव्हतं.

तशी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात मराठी माणसांची काय कमी? शाळेत असताना तिथल्या एका मंडळाच्या गीतस्पर्धेत ती गायली होती. बक्षीस देताना मंडळाच्या अध्यक्ष लीलाताईंनी आडनाव विचारलं, मग साळवे म्हणजे कुठले ते विचारलं, आणि मुलगी ख्रिश्चन आहे असं कळल्यावर तिच्या गालाला हात लावून म्हणाल्या, "अगंबाई, पण मराठी किती छान बोलतेस!" त्या बिचाऱ्या कौतुकानंच म्हणाल्या. पण आईच्या कडेवर शिकलेली भाषा नीट बोलल्याबद्दल कुणी शाबासकी दिली, तर ती घेऊन करायचं काय? चर्चमध्ये दुसरीच तऱ्हा. तिथले वयस्क मसीह अंकल दर नाताळात तन्वीच्या आईला विचारायचे, "सिस्टर, आप लोग केरल से हैं न?" आई इस्पितळात नर्स, म्हणून त्यांचा तर्क पक्का होता. आईही आता "नहीं अंकल" म्हणून म्हणून दमली होती.

ऑक्टोबरात सौरवभैयानं एक नवीन टूम काढली. दर शनिवारी एकानं आपल्या लोकांबद्दल सांगायचं. आपली भाषा, आपलं जेवण, आपलं गाणं. येशूच्या मागं जाताना यातलं काय जपलं, काय सुटलं, काय सोडायला लावलं.

"हम में से कोई आसमान से नहीं टपका," तो म्हणाला.

पहिली पाळी सरोज एक्काची. ही जशपूरकडची उराँव आदिवासी मुलगी, हॉकी खेळणारी, दंडानं आणि मनानं दणकट. तिनं सांगितलं की त्यांच्या कुडुख भाषेत देवाला धर्मेस म्हणतात आणि चर्चमध्येही ते धर्मेसलाच हाक मारतात, दुसरं नाव कशाला शोधायचं? मग तिनं सगळ्यांना हातात हात गुंफून उभं केलं आणि असं नाचवलं की खालचे घरमालक वर येऊन गेले.

कुणीतरी विचारलं, "सरोज, तू पहले उराँव है या पहले मसीही?"

"तू चलता है तो पहले दायाँ पैर है या बायाँ?" सरोज म्हणाली. खोली हसली. तन्वीही हसली, पण हसताना तिला आत कुठंतरी बारीकशी टाचणी टोचली. या मुलीचे दोन्ही पाय आपोआप एका दिशेनं कसे पडतात, असं तिच्या मनात आलं.

मग तन्वीची पाळी आली. आईकडून तिनं करंज्या करून घेतल्या होत्या, नाताळात करतात तशाच. गाण्यासाठी एक जुनं मराठी उपासनागीत बसवलं होतं. डोळे मिटून ती जीव ओतून गायली. गाणं संपतं न संपतं तोच केरळची जिन्सी ओरडली, "अरे, यह तो हम मलयालम में गाते हैं, सेम टू सेम!" दुसरा म्हणाला हिंदीतही आहे. चाल मूळची साहेबाची, सगळ्यांनी आपापल्या भाषेत शिवून घेतलेली. मग सगळ्यांनी तीच चाल एकदम धरली आणि खोलीत नुसता गोंगाट झाला.

सरोजनं करंजीचा तुकडा तोंडात टाकत निरागसपणे विचारलं, "फिर इसमें मराठी क्या हुआ, यार?"

त्या दिवशी श्रुतीनं आपल्या संगीताच्या वर्गातली एक मैत्रीण बरोबर आणली होती. अवंतिका हरदास. लष्करातली, हिंदू, चार पिढ्यांच्या कीर्तनकारांच्या घरातली. पणजोबा दरबारात कीर्तन करायचे. पेटी वाजवायला कुणी नाही म्हणून श्रुती तिला घेऊन आली होती आणि ती कोपऱ्यात बसून करंजी खात होती. सरोजचा प्रश्न ऐकून तिनं बोटं रुमालाला पुसली, पेटी पुढं ओढली आणि म्हणाली, "मी एक म्हणू?"

जात्यावरची ओवी होती. साधीच, चार ओळींची. पण आवाज असा की खालच्या रस्त्यावरचा हॉर्न वाजायचा थांबला असं वाटलं. ती थांबली तेव्हा कुणी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत. मग सरोज हळूच म्हणाली, "हाँ। यह है मराठी।"

तन्वीनं करंज्यांच्या डब्याचं झाकण लावलं. दोन वर्षं सतरंज्या झटकून मिळवलेली जागा कुणीतरी करंजी खाता खाता घेऊन गेलं होतं, तीही तन्वीच्याच आईच्या हातची करंजी.

आणि मत्सर माणसाला जे करायला लावतो तेच त्यानं तन्वीला करायला लावलं. जे आपलं ठेवायचं तेच तिनं घाईघाईनं सगळ्यांपुढं ओतलं.

"मेरे दादाजी भी कीर्तनकार थे," ती म्हणाली. "नगर ज़िले में। मसीही कीर्तन. गाँव गाँव जाकर, झांज लेकर, खड़े होकर।"

सौरवभैया ताडकन उठून बसला. "मसीही कीर्तन? और तूने दो साल में बताया नहीं? क्रिसमस के प्रोग्राम में करते हैं। चर्च के हॉल में. कर पाएगी?"

खरं उत्तर एका शब्दाचं होतं: नाही. पप्पांना घरी पुटपुटताना ऐकलेली पदं सोडली तर तन्वीला कीर्तनातलं काही येत नव्हतं. ती म्हणाली, "मतलब... थोड़ा याद करना पड़ेगा..." तेवढ्यात अवंतिका पुढं सरकली.

"तुझ्या पप्पांना येतं ना? ते सांगतील, मी उभी राहते. मला उभं राहायची सवय आहे. तू माझ्यामागं झांज धर."

"घर में बुरा तो नहीं मानेंगे?" सौरवनं अवंतिकाला विचारलं.

"आजोबा एवढंच विचारतील की आख्यान कुठलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तन्वीनंही वाजवल्या. दुसरं काय करणार?

तन्वीचे पप्पा, रमाकांत साळवे, इस्पितळात रक्त तपासायचं काम करत. अबोल माणूस. त्यांचे वडील नोकरीसाठी नगरकडून ग्वाल्हेरला आले ते झांज घेऊनच, पण इथं ऐकणार कोण? चर्चमध्ये सगळं हिंदी. म्हातारे गेले तसं घरातलं कीर्तनही गेलं. रमाकांतना ते पाठ होतं, पण उभं राहून त्यांनी ते कधीच केलं नव्हतं.

अवंतिका पहिल्या दिवशी आली तेव्हा तिनं वाकून त्यांना नमस्कार केला. ते गडबडून दोन पावलं मागं सरले.

"काका, माझ्या आजोबांनी सांगितलंय, विद्या घ्यायची तर पाया पडून घ्यायची."

"बरं बरं. बस. चहा घेतेस?"

आणि मग हा अबोल माणूस जो बोलायला लागला तो थांबेचना. कीर्तनात आधी नमन, मग बोधाचा भाग, तो संपताना देवाच्या नावाचा गजर, आणि शेवटी गोष्ट, म्हणजे आख्यान. हे सगळं अवंतिकाला ठाऊकच होतं. पण नगरच्या खेड्यांत गजर कसा व्हायचा हे तिला नव्यानं कळत होतं. तिथं 'जय प्रभु येशू, जय प्रभु येशू' असं म्हणत लय चढवत न्यायची, बायका चुलीपुढून उठून यायच्या. आख्यान उडाणटप्पू मुलाचं. एका बापाचे दोन ल्योक, धाकला आपला वाटा घेऊन परदेशी गेला, उधळून आला, आणि बापानं त्याच्यासाठी मेजवानी घातली. शेतावरनं आलेला थोरला मात्र दारातच अडून बसला.

"काका, 'धाकला' ऐवजी 'धाकटा' म्हणू? आमच्याकडे तसं म्हणतात."

"म्हण की."

भाजी निवडत बसलेल्या तन्वीनं मेथीची काडी मोडली. 'धाकला' हा तिच्या आजोबांचा शब्द होता. तो बदलायला पप्पांनी इतक्या सहज हो म्हणावं? तन्वीनं लहानपणी शाळेत 'ल्योक' म्हटलं तेव्हा बाईंनी तिला उभं केलं होतं. आता तेच शब्द अवंतिकाच्या तोंडी जाताना त्यांना इस्त्री होत होती आणि पप्पा खुशीत मान डोलावत होते.

अवंतिका आठवड्यातून दोनदा येऊ लागली. आई तिच्यासाठी पोह्यांवर जास्तीचं खोबरं घालायची. शेजारच्या मंदाताई खिडकीतून विचारायच्या, "आज ती गाणारी यायची आहे का?" पप्पा ड्यूटीवरून आल्यावर आधी घड्याळ बघायचे. तन्वी हे सगळं टिपून ठेवत होती. एकेक गोष्ट तिळाएवढी, पण तीळ साठत गेले की त्यांचंही ओझं होतं.

एकदा जेवताना तिनं विचारलंच. "पप्पा, मला का नाही शिकवलं कधी?"

त्यांनी घास खाली ठेवला. "तू मागितलं नाहीस."

"तिनं मागितलं म्हणून दिलं?"

"अगं, तू घरातलीच. तुला काय वेगळं शिकवायचं? तुला येतंच असं मी धरून चाललो."

"नाही येत मला."

"मग ये की बसायला. सतरंजी मोठी आहे."

पण तन्वी गेली नाही. दुसऱ्याच्या पंगतीत उरलंसुरलं वाढून घ्यायला जावं तसं तिला वाटत होतं. वास्तविक पंगत तिच्याच घरची होती. मत्सराची हीच खोड असते. तो आपल्याच घरच्या दारात आपल्याला पाहुणा करून उभं ठेवतो.

डिसेंबर लागला. धुकं असं की सकाळी समोरचं घर दिसेना. एका संध्याकाळी पप्पा दूध आणायला गेले होते, आई ड्यूटीवर. अवंतिका बाहेरच्या खोलीत एकटीच गजराचा सराव करत होती आणि तन्वी आत कणीक मळत होती. जय प्रभु येशू, जय प्रभु येशू. अवंतिकानं लय चढवली, आणखी चढवली, डोळे मिटले असावेत, आणि अचानक तिच्या तोंडून निघालं, "जय जय रामकृष्ण हरि, जय जय रामकृष्ण हरि..." दोन आवर्तनं झाली. मग लय उतरली आणि जीभ पुन्हा येशूवर आली. अवंतिकाला पत्ताही नव्हता. लहानपणापासून हजारदा म्हटलेला गजर. द्रुत लयीत मन सुटलं की जिभेनं आपली वाट धरलेली. हरदासांच्या घरातल्या कुणाचंही झालं असतं.

तन्वीचे हात कणकेत थांबले. बाहेर जाऊन एवढंच सांगायचं होतं, "अगं, बघ काय म्हटलंस." दोघी हसल्या असत्या. अवंतिकानं लय आवरती घेतली असती. विषय मिटला असता.

तन्वीनं पुन्हा कणीक मळायला घेतली.

त्या दिवसापासून तिला बरं वाटू लागलं. अवंतिकाशी ती गोड बोलायला लागली. झांजेच्या सरावाला बसायलाही लागली, आणि पप्पा खूश झाले. झांज वाजवणाऱ्याच्या हातात लय असते, ही गोष्ट तन्वीला पक्की कळली होती.

इकडे चर्चमध्ये कुरबुर सुरू होतीच. मसीह अंकल म्हणाले, "कीर्तन? वह तो उन लोगों का होता है।" सौरवभैयानं त्यांना दोनदा घरी जाऊन समजावलं की गोष्ट बायबलमधलीच आहे, फक्त सांगायची तऱ्हा मराठी आहे. अंकलनी मान हलवली, पण ती होकाराची होती की मफलर नीट करण्याची, ते कळलं नाही.

नाताळाच्या आधीच्या रविवारी संध्याकाळी हॉल भरला. शाली, कानटोप्या, भिंतीला लावलेल्या चांदण्या. संगतीतली मुलं खाली पुढं बसली होती, त्यांच्या मागच्या खुर्च्यांवर आईपप्पा, अगदी मागं चर्चची वयस्क मंडळी. अवंतिका नऊवारी नेसून आली होती. तिला ते इतकं सहज शोभत होतं की तन्वीला स्वतःच्या सलवार-कुडत्याची लाज वाटली. अवंतिकाच्या वर्गातला शंतनु पेटीवर बसला. तन्वी झांज घेऊन अवंतिकाच्या मागं उभी राहिली.

"घाबरलीयेस?" अवंतिकानं हळूच विचारलं.

"नाही."

"मी घाबरलीये. तू मागं आहेस म्हणून बरं."

हे ऐकून तन्वीला थांबावंसं वाटलं. पण तेवढ्यात सौरवभैया माइकवर म्हणाला, "अब हमारी मराठी बहन अवंतिका आपको कीर्तन सुनाएँगी।" हमारी मराठी. तन्वीनं झांजेची दोरी बोटाला घट्ट गुंडाळली.

नमन झालं. बोधाचा भाग अवंतिकानं मराठीत मांडला आणि सौरवनं मधूनमधून हिंदीत सांगितला. लोक डोलत होते. सरोज पहिल्याच रांगेत तोंड उघडं टाकून ऐकत होती. मग गजर आला.

जय प्रभु येशू, जय प्रभु येशू. मुलांनी टाळ्यांचा ठेका धरला. ठरल्याप्रमाणे लय थोडी चढवायची आणि तिथं थांबायचं होतं. तन्वीनं चढवली. थांबायची जागा आली आणि गेली, तन्वीचा हात चालूच राहिला. अवंतिकानं एकदा किंचित मान वळवली, पण साथीला सोडून जायचं नाही ही तिच्या घरची शिकवण. ती त्या लयीबरोबर गेली. तन्वीनं आणखी चढवली. अवंतिकाचे डोळे मिटले. हात वर गेले. आणि भरल्या हॉलमध्ये, चांदण्यांखाली, खणखणीत आवाजात,

"जय जय रामकृष्ण हरि, जय जय रामकृष्ण हरि..."

पुढच्या टाळ्या थांबल्या. मग मागच्या थांबल्या. शंतनुची बोटं पेटीवर तशीच राहिली. अवंतिकानं डोळे उघडले आणि आपण काय म्हटलं ते तिला सगळ्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं हात जोडले. "माफ़... माफ़ कीजिएगा..."

आधी तन्वीला गोड वाटलं. हे लपवून चालणार नाही. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी घशाखाली उतरावं तसं वाटलं. आता सगळ्यांना कळलं ना, कोण इथलं आणि कोण बाहेरचं.

मग मागच्या रांगेतून मसीह अंकलचा आवाज आला. ते शेजारच्याला सांगत होते, पण बहिऱ्या माणसासारखं मोठ्यानं. "मैं पहले ही कहता था। इन मराठी लोगों का यही है। आधे इधर, आधे उधर।"

इन मराठी लोगों का. त्यांनी हातही केला होता, आणि तो हात नुसत्या अवंतिकाकडे नव्हता. अवंतिका, तिच्या मागं झांज धरलेली तन्वी, खुर्चीत बसलेले पप्पा, आई, सगळ्यांवरून तो सावकाश फिरला. इतक्या वर्षांत त्या माणसानं तन्वीला मराठी म्हणून पहिल्यांदाच ओळखलं होतं, आणि ओळखलं ते अवंतिकाबरोबर एकाच गाठोड्यात बांधून.

तन्वीनं पप्पांकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. मान खाली घालून ते स्वतःच्या हातांकडे बघत होते, जणू चूक त्यांच्याच हातून झाली होती. अवंतिका बाजूला सरकायला निघाली. तिनं पदर खांद्यावर ओढून घेतला होता. अजून तिला वाटत होतं की सगळं तिच्यामुळं झालं.

तन्वी पुढं आली. काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. तिच्या तोंडून आख्यानातलं पद निघालं, मधूनच, शेवटाकडचं, पप्पा न्हाणीघरातसुद्धा पुटपुटायचे ते.

"आत वाजे वाजंत्री, दारी थोरला उभा,
बाप येई बाहेर, म्हणे आत ये रे बाबा."

आवाज काही खास नव्हता. थंडीनं बसलेला, वर चिरकणारा. एका ओळीनंतर तिला दम लागला. पण शब्द आजोबांचे होते आणि पुढचे शब्द आपोआप येत होते. ती गात नव्हती, सांगत होती. "थोरला म्हणतो, मी तुझा ल्योक, वर्षानुवर्षं तुझ्या रानात राबलो, मला तू एक करडूसुद्धा दिलं नाहीस. आणि धाकला आला उधळून, तर त्याला मेजवानी? बाप म्हणतो, लेकरा, तू तर माझ्यापाशीच आहेस. माझं ते सगळं तुझंच आहे." सौरवभैया भानावर येऊन हिंदीत सांगू लागला. झांज तन्वीच्या हातात लोंबत होती, वाजवायची राहिली होती. कुणीतरी ती तिच्या हातातून काढून घेतली. अवंतिका होती ती. ती मागं जाऊन उभी राहिली आणि तिनं ठेका धरला, सावकाश, पायांनी चालता येईल असा. शंतनुनं सूर दिला. सरोजनं टाळी धरली, मग जिन्सीनं, मग सगळ्यांनी.

थोरला आत गेला की नाही हे बायबलात सांगितलेलं नाही. तन्वीच्या आजोबांच्या आख्यानातही नव्हतं. तन्वी तिथंच थांबली. सौरवभैयानं प्रार्थना केली आणि चहा आला.

मसीह अंकल चहा घेऊनच गेले. जाताना त्यांनी पप्पांना विचारलं, "साळवे जी, मतलब आप महाराष्ट्र के हैं?"

"जी। नगर के।"

"अच्छा," अंकल म्हणाले, जणू कुणीतरी ही गोष्ट त्यांच्यापासून मुद्दाम लपवली होती.

सरोज, जिन्सी, श्रुती, सगळ्या अवंतिकाभोवती जमल्या होत्या. तिची नऊवारी, तिचा आवाज, बिचारीला किती मेल्याहून मेल्यासारखं झालं असेल. तन्वी दारापाशी कप गोळा करत होती आणि तिला पुन्हा ती जुनी टाचणी टोचली. आपण गायलो, तरी घोळका तिच्याच भोवती. मत्सर काही एका पदानं उतरत नाही. ताप उतरला तरी अंग दुखत राहतं, तसंच ते.

पप्पा जवळ आले. "दुसरं कडवं गाळलंस."

"आठवलं नाही."

"हं. आणि 'वर्षानुवर्षं' नाही, 'जलमभर' आहे."

एवढं बोलून ते कपांचा ट्रे घेऊन आत गेले. त्यांची चाल तिला जरा हलकी वाटली.

अवंतिका घोळक्यातून सुटून बाहेर पायऱ्यांवर आली. धुक्यात दिवे पिवळट दिसत होते. ती तन्वीशेजारी उभी राहिली, शालीत हात लपवून.

"लय तू चढवलीस," ती म्हणाली.

तन्वीनं कप खाली ठेवले. "हो."

"थांबायच्या जागेवर थांबली नाहीस. मला वाटलं, विसरली."

"नाही विसरले. एकदा आमच्या घरी तुझ्या तोंडून तसंच निघालं होतं. मी आत होते. तुला सांगितलं नाही."

"का पण?"

"तू चुकावीस म्हणून."

अवंतिकाचे डोळे भरून आले. "मी काय केलंय तुझं? यार, मी तुझ्या घरी पोहे खाल्लेत."

"तेच तर."

"काय तेच?"

"आई तुझ्या पोह्यांवर खोबरं जास्त घालते."

हे तोंडातून गेल्यावर तन्वीला स्वतःलाच ते किती लहान वाटलं. अवंतिकाच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, पण हसू आलं नाही.

"लष्करात उद्या सगळ्यांना कळेल," ती म्हणाली. "आजोबांना काय सांगू? हरदासांची नात गजर चुकली?"

"माझं नाव सांग."

"सांगणारच आहे." तिनं शाल आवळून घेतली. "मग पुढं का आलीस? मला पडू द्यायचं होतं ना?"

तन्वीनं खरं तेच सांगितलं. "अंकल 'मराठी लोग' म्हणाले आणि त्यात तूही होतीस, मीही होते. पप्पाही होते. मग तुला एकटीला कसं पडू देणार?"

"म्हणजे माझ्यासाठी नाही आलीस."

"नाही. पूर्ण तुझ्यासाठी नाही."

कोपऱ्यावर टेम्पोवाला लष्करातल्या बाड्याच्या नावानं ओरडत होता. अवंतिकानं पदर खोचला, पायऱ्या उतरली आणि खालून वळून म्हणाली, "मला तुझा खूप राग आलाय. काही दिवस बोलू नकोस माझ्याशी."

"बरं."

"पण बुधवारी मी काकांकडे येणार आहे. ते दुसरं कडवं मलाही नाही माहीत."

"ये," तन्वी म्हणाली. "पण मीही बसणार आहे. आणि 'धाकला' तुला तसाच म्हणावा लागेल."

अवंतिकानं हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. टेम्पो सुटत होता. नऊवारीचा काष्टा सावरत ती धावली आणि आत चढली. तन्वी कप उचलून हॉलमध्ये गेली. आत पप्पा सरोजला झांज कशी धरायची ते दाखवत होते, आणि सरोज ती हॉकीच्या स्टिकसारखी धरत होती.

"पप्पा, सरका जरा," तन्वी म्हणाली आणि त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसली.